हरणाऱ्या संघाची हिल्का

हिल्का लेहटो माझ्या उजव्या हाताला एकोणीस वर्षं बसली. सतरावी रांग, तिची खुर्ची चौथी, माझी तिसरी. एवढ्या वर्षांत मी तिला एकदाही उभं राहून टाळ्या वाजवताना पाहिलं नाही. आमच्या स्टर्जन्स या आइस हॉकी संघाने गोल केला की सगळी रिंक उसळायची, आणि ही बसल्या जागेवरून पंचाकडे बघत राहायची. गोल धरला गेला अशी खात्री पटली की मग दोन टाळ्या. त्याही हातमोजे न काढता.

तिचा स्वभाव तिच्या नोकरीने घडवला होता, असं आम्ही म्हणायचो. आमच्या गावच्या, थंडर बेच्या, बंदरात गव्हाने भरलेले रेल्वेचे डबे येतात. त्यांतल्या गव्हाची प्रत ठरवायचं काम तिने तेहतीस वर्षं केलं. लांब पोकळ सळई डब्यात तळापर्यंत खुपसायची, तळाचा दाणा वर काढायचा आणि मगच प्रत सांगायची. "वरचा गहू सगळ्यांचाच चांगला असतो," ती म्हणायची. नवरा जाऊन बारा वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. घरामागे वाफ घ्यायचा लाकडी सौना, दर शनिवारी तापवायचा, आणि हिवाळाभर हॉकी. एवढाच तिचा संसार.

त्या ऑक्टोबरात संघाने आम्हाला पत्र पाठवलं. 'प्रिय स्टर्जन्स कुटुंबीय' अशी सुरुवात. मजकूर असा की संघ नव्याने उभा करायचा आहे, तरुण पोरांना संधी द्यायची आहे, तीन वर्षं आपण संयम ठेवावा. त्याच आठवड्यात अकरा वर्षं आमच्याकडे खेळलेल्या कप्तानाला दक्षिणेकडच्या एका संघाला देऊन टाकलं.

"कुटुंबीय म्हणायला लागले की समजावं, काहीतरी मागणार आहेत," हिल्का म्हणाली.

"अगं, पोरं घडायला वेळ लागतोच," मी म्हणालो. मी शाळेची बस चालवायचो, पोरं घडताना रोज बघत होतो.

"पोरं घडतायत की आपल्याला घडवतायत, ते बघ आधी."

तिच्या संशयाला कारण होतं. हंगामात जो संघ सर्वांत खाली राहतो, त्याला पुढच्या उन्हाळ्यात सगळ्यांत चांगला नवा खेळाडू मिळण्याची शक्यता सगळ्यांत जास्त. त्याची सोडत निघते. त्या वर्षी अठरा वर्षांचा एक पोरगा असा होता की त्याचं नाव निघालं की माणसं हातातली कॉफी विसरायची. तो आपल्याला मिळावा म्हणून अख्खं गाव मनातल्या मनात संघाच्या पराभवाची वाट बघायला लागलं होतं. जिंकलो की लोक हळहळायचे. आमच्या मागचा दंतवैद्य तर जिंकलेल्या सामन्यानंतर डोकं धरून म्हणाला, "झालं, दोन गुण वाया!"

"तिकीट काढून हरायला येतो आपण," हिल्का म्हणाली. "आणि हरवणारे कोण, ते कुणी विचारत नाही."

जानेवारीत लोइक थिबो गोलमध्ये उभा राहिला. बावीस वर्षांचा, उत्तरेकडच्या लाकूडगिरण्यांच्या गावातला, फ्रेंच बोलणारा, बारीक चणीचा पोरगा. पहिला गोलरक्षक आजारी म्हणून याला घेतलं, आणि याने नऊपैकी सात सामने काढून दिले. खेळातली रबरी चकती कुठून येते हे त्याला आधीच कळत असावं असं वाटायचं. आम्ही तळातून चार पायऱ्या वर आलो. मी मनापासून खूश झालो. दंतवैद्य खचला.

आणि एका मंगळवारी संघाकडून दोन ओळी आल्या: थिबोच्या शरीराच्या खालच्या भागाला दुखापत, किती दिवस लागतील सांगता येत नाही.

"खालचा भाग म्हणजे काय? करंगळी की कंबर?" हिल्काने विचारलं.

"सगळेच संघ असंच सांगतात, हिल्का. नेमकं दुखणं कुणी सांगत नाही."

"मागच्या सामन्यात तो लंगडत होता?"

"नव्हता."

"मग इथे पाणी मुरतंय."

दहा-बारा दिवसांनी तिचा दुपारी फोन आला. आवाज खाली, पण त्यात धार होती. पलीकडच्या वस्तीतल्या उघड्या रिंकवर, जिथे शाळा सुटल्यावर मुलं खेळतात, तिथे तिने लोइकला पाहिलं होतं. सोबत एक मित्र, तो मऊ चेंडू मारत होता आणि हा अडवत होता. ही बर्फाच्या ढिगामागे वीस मिनिटं उभी.

"दोन्ही गुडघ्यांवर पडतो, उठतो, पुन्हा पडतो. ओरेस्ट, त्या पायांना काहीही झालेलं नाही. सराव तेवढा सुटलाय, डावीकडचे चेंडू सोडत होता. पण पाय? स्प्रिंग लावल्यासारखे."

"म्हणजे?"

"म्हणजे तो जिंकून द्यायला लागला म्हणून त्याला बाजूला बसवलाय. आणि पोरगाही गप्प बसलाय."

फेब्रुवारीच्या दुसऱ्या रविवारी दुपारी संघाच्या व्यवस्थापकाने हंगामाचं तिकीट असणाऱ्यांची सभा बोलावली. वॉरन टेट त्याचं नाव. नीट इस्त्रीचा शर्ट, नीट इस्त्रीची भाषा. अर्धा तास 'प्रवास', 'पाया' आणि 'विश्वास' झाल्यावर त्याने प्रश्न मागितले. हिल्का उभी राहिली. सभागृहात चारशे माणसं होती, आणि तिने ध्वनिक्षेपकही घेतला नाही.

"टेटसाहेब, थिबोचा कोणता पाय दुखतोय?"

"खेळाडूंच्या वैद्यकीय गोष्टी आम्ही—"

"डावा की उजवा, एवढंच सांगा. मी त्याला गुडघ्यांवर पडून चेंडू अडवताना बघितलंय. वीस मिनिटं. या डोळ्यांनी."

टेटचा चेहरा उतरला. खोटं पकडलं गेल्यावर माणूस क्षणभर कसा होतो, ते मी त्या दिवशी पाहिलं. तो काहीतरी पुटपुटला, पण तोवर सभागृह उठलं होतं. कुणी 'लबाड' म्हणालं, कुणी 'पैसे परत द्या' म्हणालं. गंमत अशी की जे चार महिने पराभवाची प्रार्थना करत होते, तेच सगळ्यांत मोठ्याने ओरडत होते. दंतवैद्य खुर्चीवर चढला होता.

पुढचा आठवडा गाव पेटलेलं. पण टेटला शिव्या घालून लोकांचं समाधान होईना. टेट रस्त्यात भेटत नाही, लोइक भेटायचा. दुकानात त्याला 'नाटक्या' म्हणायला लागले. त्याच्या गाडीच्या काचेवर कुणीतरी खेळण्यातल्या कुबड्या अडकवल्या. रेडिओवर फोन करून लोक सांगायचे की पोरगा आतून सामील आहे. मीही केला एक फोन. लपवून काय उपयोग.

शनिवारी सकाळी हिल्का सौनासाठी बर्चची लाकडं रचत होती. फाटकापाशी लोइक उभा. पुढे काय झालं ते मला फार नंतर कळलं, पण इथेच सांगतो, नाहीतर तुम्हीही माझ्यासारखी चूक कराल.

"मिसेस लेहटो?"

"मीच. भांडायला आलास?"

"नाही. तुमचं म्हणणं बरोबर होतं, एवढं सांगायला आलो. माझे पाय चांगले आहेत."

"मग?"

"डोळा गेलाय. डावा. सरावात चकती मुखवट्यावर बसली, आत पडद्यावर रक्त साकळलं. समोरचं थोडं दिसतं, डावीकडचं काहीच नाही. डॉक्टर म्हणतात, थांबून बघू. खेळायला तर बंदीच आहे. त्या दिवशी मी चोरून गेलो होतो, काही फरक पडलाय का बघायला."

"आणि टेट पाय का म्हणाला?"

"मी पाया पडलो त्याच्या. आंधळा गोलरक्षक असं एकदा नाव पडलं की डोळा बरा होऊनही मला कोण घेणार?"

हिल्काने लगेच विश्वास ठेवला असेल असं समजू नका. ती बोलत बोलत त्याच्या डावीकडे सरकली. हातात लाकूड होतं. तिने ते आवाज न करता उचललं आणि झटक्यात त्याच्या गालापाशी नेलं, बोटभर अंतरावर. पोरगा सरळ समोर फाटकाकडे बघत बोलत राहिला. त्याची पापणीसुद्धा हलली नाही.

ती लाकडांच्या राशीवर खाली बसली. मग म्हणाली, "डावीकडचे चेंडू सुटत होते. मी बघितलं होतं ते. बघितलं, आणि सोडून दिलं."

"तुम्हाला कसं कळणार होतं?"

"तेच तर माझं काम होतं, पोरा."

त्याने फक्त एक मागितलं, की कुणाला सांगू नका. तिने शब्द दिला. त्याला आत नेऊन सूप पाजलं, आणि सोमवारी सकाळी रेडिओला फोन लावला. मी बस लावून ऐकत होतो.

"मी हिल्का लेहटो. सभेत मी बोलले ते चुकीचं होतं. त्याच्या पायाला दुखापत आहे. मला नीट दिसलं नव्हतं. पोराला सोडा."

निवेदकाने विचारलं, "आता कसं कळलं तुम्हाला?"

"कळलं," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

तेहतीस वर्षं जिच्या तोंडून चुकीची प्रत निघाली नाही, तिने गावासमोर खोटी प्रत सांगितली. आणि गावाने नेमकं तेच पकडलं. लोइकला सोडलं, पण ते हिल्काला धरण्यासाठी. टेटने हिला गप्प केलं, अशी कुजबुज सुरू झाली. त्यातच संघाने जुन्या ज्येष्ठ प्रेक्षकांना खाली काचेजवळच्या महागड्या खुर्च्या देऊ केल्या. पंधरा-वीस जणांना पत्रं गेली, त्यात एक हिला. तिने नाही म्हणून कळवलं. पण पत्र आल्याचं सगळ्यांना कळलं, नाही म्हटल्याचं कुणाला कळलं नाही.

पुढच्या सामन्याला ती आली तेव्हा रांगेतून टोमणे आले. "काय हिल्का, खाली नाही बसलीस? अजून जागा रंगवतायत वाटतं!"

ती येऊन आपल्या जागेवर बसली. मध्यंतरात मी विचारलं. आजही तो प्रश्न आठवला की कान तापतात.

"हिल्का, खरं सांग. टेटने काय दिलं तुला?"

तिने माझ्याकडे बघितलं. रागावून नाही, डब्यातला गहू बघतात तसं.

"सभेत दिलेली कॉफी. थंड होती," ती म्हणाली.

मला वाटलं, ताकाला जाऊन भांडं लपवतेय. पुढच्या सामन्यापासून मी दंतवैद्याच्या बाजूची रिकामी खुर्ची धरली. एकोणीस वर्षांनंतर. ती हंगाम संपेपर्यंत एकटीच येत राहिली, एकही सामना चुकवला नाही. मला तर त्यातही डाव दिसायचा. वाटायचं, लाज असती तर घरी बसली असती.

संघ तळालाच राहिला. सोडत निघाली आणि तो नावाजलेला पोरगा दुसऱ्याच शहराच्या वाट्याला गेला. आम्हाला तिसऱ्या नंबरचा मिळाला. बरा आहे, धावतो खूप.

दीड वर्षाने सप्टेंबरात लोइक थिबोने खेळणं सोडल्याचं जाहीर केलं. डोळा सुधारला नव्हता. त्याने सगळं सांगितलं, टेटला आपणच गळ घातली होती हेही. मग म्हणाला, "थंडर बेमध्ये एका व्यक्तीला हे तेव्हाच माहीत होतं. तिने माझ्यासाठी स्वतःच्या शब्दाची किंमत घालवली. मी तिला ती परत देऊ शकत नाही." नाव घेतलं नाही. घ्यायची गरज नव्हती.

मी त्याच दुपारी तिच्या दारात गेलो. काय बोलायचं ते वाटेत तीनदा ठरवलं होतं. दार तिनेच उघडलं.

"आत ये. घर थंड होतंय," ती म्हणाली.

"हिल्का, मी जे विचारलं..."

"विचारलंस ते ठीकच. मीही विचारलं असतं. पण मी उत्तर ऐकायला थांबले असते."

मी बसलो. तिने कॉफी ठेवली. थोड्या वेळाने मी म्हणालो, "म्हणजे टेट बिचारा चांगला माणूस निघाला."

"कुणी सांगितलं?" ती फटकन वळली. "त्याने पोरासाठी खोटं सांगितलं, खरं आहे. ते खोटं त्याच्या सोयीचं होतं, तेही खरं आहे. पोरगा धडधाकट असता तर मार्चपर्यंत त्याला खेळवला असता? सांग."

मी कप पुढे केला, तिने आणखी कॉफी ओतली.

या ऑक्टोबरात नवं पत्र आलंय. पाया तयार आहे, आणखी दोन वर्षं संयम ठेवा. मागच्या आठवड्यात एका तरुण बचावपटूला अचानक संघाबाहेर बसवलं, कारण दिलं नाही. लोक हिल्काकडे बघायला लागले. आता ती काहीतरी बोलेल म्हणून. तिकीटवाल्यांची सभा झाली, त्यात ती उठली नाही. दुसऱ्या दिवशी सराव संपल्यावर ती दारापाशी उभी राहिली, आणि तो पोरगा बाहेर आल्यावर तिने त्यालाच विचारलं, काय झालंय?

"काय म्हणाला?" पुढच्या सामन्याला माझ्या जुन्या तिसऱ्या खुर्चीवरून मी विचारलं.

"म्हणाला, आजी, तुम्हाला काय करायचंय?"

"मग?"

"मग काय. बरोबर बोलला," हिल्का म्हणाली, आणि पंचाकडे बघायला लागली.