मला घाई नाही

सांगलीच्या बातम्यांतले आबा नसते तर माझ्या बहिणीचं लग्न मोडलं असतं. हे आधीच सांगून टाकतो, कारण बाकीचं सांगायला बसलो की मी भरकटतो.

आमच्याकडं आबांना कोण ओळखत नाही? प्रश्न विचारला की चष्मा काढून टेबलावर ठेवायचे आणि गप्प बसायचे. टीव्हीवर गप्प बसून नाव कमावलेला दुसरा माणूस मी पाहिला नाही. एका साखर कारखान्याचे चेअरमन एकदा म्हणाले, "पुढचा प्रश्न घ्या." आबा म्हणाले, "आधी याचं होऊ द्या. मला घाई नाही." मग म्हसवडच्या बाजारात पोरं भांडतानाही तेच म्हणायला लागली, "आदी ह्याचं हुंदे रं, मला घाई न्हाई."

केबलच्या एका खोलीत, आवाज येतो म्हणून पंखा बंद करून, घामाघूम होत त्यांनी बातम्या वाचायला सुरुवात केली होती. पुढं मुंबईच्या मोठ्या वाहिनीवर गेले, मंत्र्यांना घाम फोडला आणि उतारवयात सांगलीला परतले. का, तर म्हणे, "तिथं समदी एकदमच बोलत्यात. ऐकायचं कुणी?"

मी आठवीतून शाळा सोडून कोइमतूरला एका शेठच्या गलाईच्या दुकानात कामाला आलो. जुनं सोनं भट्टीत वितळवून शुद्ध करायचं, हे आमचं काम. गेल्या वर्षी चोरीच्या सोन्याच्या चौकशीसाठी पोलिसांनी गल्लीतल्या सगळ्यांना नेलं, तसं मलाही नेलं आणि संध्याकाळी सोडून दिलं. पण गावाकडच्या मोबाईलवर मी सोनं घेऊन पळालो होतो. बहिणीच्या होणाऱ्या सासरकडची मंडळी म्हणाली, थोडं थांबू.

त्याच सुमारास आबा गलाईवाल्यांवर कार्यक्रम करायला आमच्या गल्लीत आले. साक्षात आबा, माझ्या भट्टीसमोर स्टुलावर! मी हळूच म्हणालो, "आवं आबा, तेवढं पोलिसांचं सोडून काय बी इचारा."

"तेवढंच इचारणार हाय," ते म्हणाले. "न्हाई इचारलं तर गाव म्हणंल, आबांनी झाकलं."

कॅमेरा सुरू झाला. पहिलाच प्रश्न, "तू चोरीचं सोनं घेतलंस?" आणि चष्मा स्टुलाखाली.

मी म्हणालो, "न्हाई." वाटलं, झालं. पण आबा हलेनात. ती शांतता मला सोसेना. चौकशी सांगितली, शेठ सांगितले, आणि बोलता बोलता कमरेची किल्ली काढून दाखवली. "दुकान रोज मीच उघडतो. त्या दिवसानंतर बी."

आबांनी चष्मा घातला.

कार्यक्रम लागल्यावर बहिणीच्या होणाऱ्या सासऱ्यांचा फोन आला. "ज्याच्या कमरंला दुकानाची किल्ली, त्यो चोर कसा असंल गड्या? तारीख काढा."

त्या दिवशी आमच्या गल्लीतून निघताना आबांना मी विचारलं होतं, तुमची मुलाखत कुणी घेतली का हो? हसले. "समद्यास्नी इचारलं मी. मला कुणी इचारलंच न्हाई."

आता ते निवृत्त झालेत, ऐकायलाही कमी येतं म्हणे. पण मी एकदा सांगलीला जाणार. त्यांच्यासमोर स्टूल ओढून बसणार, मोठ्यानं विचारणार, "आबा, तुमचं कसं झालं?" आणि मग त्यांचं सगळं सांगून होईपर्यंत गप्प बसणार. मला घाई नाही.