पदरासकट बसवलेली सीट

मंगळवारी दुपारी धामणकर नाक्याजवळच्या आमच्या दुकानात मला गाडीच्या सीटला अडकवून टाकलं… तेही माझ्या सख्ख्या सुनेनं. हसू नका, आधी ऐका.

मला अक्षर येत नाही. मी बोलते आणि नात मोबाईलवर टाईप करते. मध्येच खुदुखुदू हसते, तेव्हा काही चुकलं तर तिला बोला.

आमचं गाड्यांच्या सीटा नव्या करायचं दुकान आहे. सून सुजाता मशिनवर कव्हरं शिवते, माझा लेक ती फोमवर चढवतो. चढवायला ताकद लागते म्हणून वाटणी तशी ठरलेली… ठरवली कोणी? लेकानंच.

तर लेक बाईकवरून पडला आणि मनगट प्लास्टरमध्ये घालून घरी बसला. दुकान बंद ठेवू म्हणाला. सुजाता म्हणाली, नको, मी चढवते. लेकानं माझ्याकडे बघितलं, मी चहाकडे बघितलं. नवराबायकोच्या वादात सासूनं चहा प्यावा, एवढं मला कळतं.

पहिलं गिऱ्हाईक आलं दिघाशी गावचं. त्यांच्या आईचं गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्या दिवशी तिला दवाखान्यातून घरी न्यायचं होतं. आणि गाडीची मागची सीट अशी खचलेली, की बसल्यावर उठवायला माणूस लागायचा.

"मिस्त्री न्हाय का?" त्यांनी विचारलं. सुजाता म्हणाली, त्यांचा हात मोडलाय, मीच करणार आहे. तर आमच्याकडे असं बघितलं, जसं काही आम्ही दोघी भातुकली मांडून बसलोय… पण दुसरीकडे जायला त्यांना वेळ नव्हता. एक जरी सुरकुती दिसली तर पुढच्या सीटा दुसऱ्या दुकानात देईन, असं बजावून गेले.

सुजातानं लगेच टेप काढून सीटचं माप घेतलं. पण मला ठाऊक होतं, ही सीट बिघडली असती तर लेकाचा हात बरा झाल्यावर ती परत मशिनवर बसली असती, आणि मग कायमचीच. "बघ, मी सांगत होतो" हे आमच्या लेकाचं आवडतं वाक्य आहे. बापावर गेलाय.

कव्हर मुद्दाम तंग शिवतात, नाहीतर लवकर ढिलं पडतं. सुजातानं ते आधी उन्हात टाकलं, मऊ पडायला. मग उलटं करून, उशीला अभ्रा घालतात तसं एकेक कोपरा धरून फोमवर चढवलं. वरून अगदी छान बसलं.

अडलं ते खाली. कव्हरची कड ओढून सीटखालच्या तारेला लोखंडी रिंगा मारायच्या असतात, पकडीनं दाबून. कड काही तारेपर्यंत पोचेना. फोम वरून दाबायला हवा होता. लेक गुडघा देऊन दाबतो, पण सुजाताचं वजन म्हणजे ओल्या टॉवेलाएवढं…

ती माझ्याकडे बघायला लागली. डोक्यापासून पायापर्यंत, माप घेतल्यासारखी. मग लाजत म्हणाली, "आई, जरा वर बसता का?"

डॉक्टर कधीपासून वजन कमी करा म्हणून मागे लागलाय. बरं झालं ऐकलं नाही! सीट दोन बाकड्यांवर आडवी ठेवलेली, मी वर चढून बसले आणि फोम गुमान खाली गेला. सुजाता खाली वाकून रिंगा मारत सुटली. मी वरून वज्रेश्वरीच्या गरम कुंडात माझी चप्पल कशी वाहत गेली ते सांगत होते, ती खालून हं हं करत होती.

झालं, उठा म्हणाली. उठायला गेले… तर मागून पदर खेचला गेला. माझा पदर कॉफी रंगाचा, रेक्झिनही कॉफी रंगाचं. कव्हरच्या कडेबरोबर पदरही रिंगांत गेलेला. आणि तेवढ्यात दिघाशीकरांची गाडी दारात!

मी परत मांडी घालून बसले. राणीसारखी. त्यांनी बाजूनं हात फिरवला, कोपरे चाचपले, सुरकुती काही सापडली नाही. आजी, जरा उठता का म्हणाले. मी म्हटलं, बसू द्या हो, अशी सीट सोडवत नाही. माझी तर संध्याकाळपर्यंत तसंच बसायची तयारी होती.

पण सुजाता पुढे झाली. "भाऊ, आईंचा पदर आत अडकलाय. चूक माझी आहे. थोडं थांबा, सोडवून परत लावते."

मी मनात म्हटलं, गेली सीट… आणि सुनेचं काम पण गेलं.

तिनं शांतपणे रिंगा कापल्या, पदर सोडवला, मला तो कमरेला खोचायला लावला आणि परत वर बसवलं. मग कड ओढून नव्या रिंगा मारल्या. दिघाशीकर शेजारी वाकून बघत होते. आधी मोबाईलवर बोलत बोलत, मग मोबाईल खिशात ठेवून.

मी उतरल्यावर ते स्वतः सीटवर बसले. उठले. परत बसले, हाताचा आधार न घेता उठले… आईला जमेल का, ते बघत होते. मग सुजाताला म्हणाले, "पुढच्या सीटा रविवारी आनतो, ताई. तुम्हीच करा. दादांचा हात सावकाश बरा होऊ दे."

गाडी गेल्यावर सुजाता जमिनीवरच बसली आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. तिला इतकं मोकळं हसताना मी लग्नानंतर पहिल्यांदाच बघितलं.

पदराला बारीक भोकं पडलीत. रफू करते म्हणाली. मी म्हटलं, राहू दे गं… हळदीकुंकवाला बायका विचारतील ना, पदराला काय झालं? मग मला माझ्या सुनेबद्दल पहिल्यापासून सांगता येईल.