छातीला गाठ आली तेव्हा

सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टरीणबाई पडद्याकडं बघतच म्हणाल्या, "ब्रेस्ट ॲब्सेस आहे. म्हणजे स्तनात पू साठलाय. आजच चिरा द्यावा लागेल." मग त्यांची नजर माझ्या दंडांवर गेली. "आणि हे काळंनिळं कशानं?"

मी पदर दंडांवर ओढून घेतला.

सुरुवात तापानं झाली होती. शहापुरात सासरी घरातच माग चालतात, दिवसभर खडखडाट. मी ओली बाळंतीण, आतल्या खोलीत. डाव्या छातीत दगडासारखी गाठ आली, कातडी लालभडक झाली. बाळानं तोंड लावलं की जीव जायचा. याला 'मॅस्टायटिस' म्हणतात, दूध तुंबून येणारी सूज, हे मला फार उशिरा कळलं. वेळेत औषध मिळालं तर ती बरी होते.

सासूबाई म्हणाल्या, गाठ फोडल्याशिवाय दूध सुटायचं न्हाय. त्यांनी लाटणं गरम केलं. नवऱ्यानं मागनं माझे दंड आवळले. लाटणं छातीवर फिरलं आणि मी अशी किंचाळले की बाहेरचे माग थांबले.

"पोराला उपाशी मारतीस व्हय गं?" म्हणत त्यानं थोबाडीत दिली. पुन्हा दंड धरले.

दुसऱ्या दिवशी माझा भाऊ, अण्णा, हिंडलग्याहून भाचा बघायला आला. मी तापानं बरळत होते. कुणाला न विचारता त्यानं मला आणि बाळाला रिक्षात घालून दवाखान्यात आणलं.

पू झालेल्या जागी भूल नीट लागत नाही, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. सुरी आत गेलेली कळली. पुढं रोज सकाळी जखमेत कोंबलेली पट्टी ओढून काढायचे आणि नवी कोंबायचे. मी टॉवेल चावायची.

तिथं सुनंदाआक्का भेटल्या. त्या लॅक्टेशन कन्सल्टंट, म्हणजे आईला बाळ पाजायला शिकवणाऱ्या. "दूध बंद करायचं न्हाय," त्या म्हणाल्या. "उजवीकडं पाजा. डावीकडचं आपण हातानं हळू काढू. तुंबलं तर परत गाठ होईल."

त्या शिकवत असतानाच नवरा वॉर्डात घुसला. "नासकं दूध पाजतीस?" त्यानं बाळाची लंगोटी धरून हिसका दिला. आक्कांनी बाळ पोटाशी घेतलं. त्यानं त्यांना ढकललं, त्यांचं कपाळ लोखंडी खाटेवर आपटलं. तरी त्यांनी बाळ सोडलं नाही. वॉचमननं त्याला फरपटत नेलं, तेव्हा त्यानं लाथेनं सलाईनचा स्टँड पाडला.

आक्कांच्या भुवईतून रक्त गळत होतं. बाळ रडून काळंनिळं पडलं होतं. कापूस दाबून त्या म्हणाल्या, "पहिलं ह्याला घ्या. पोट पोटाला लावा. हां, आता तोंड मोठं उघडू दे." बाळानं धरलं. मग त्या टाके घालायला गेल्या.

त्याच दिवशी मी डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं. पोलीस वॉर्डात आले, मी तक्रार दिली. सासरी परत गेले नाही. जखम भरली, आणि व्रण असलेल्या बाजूनंही माझा मुलगा पुढं प्याला.

आता मी आक्कांच्या हाताखाली शिकते. पहिल्याच वर्गात गळवाचे फोटो दाखवले, तेव्हा मी बाहेर जाऊन ओकले. तोंड धुऊन परत आत बसले.

बायांनो, छाती लाल झाली, ताप आला, तर गाठ रगडू देऊ नका. लगेच दवाखाना गाठा. कुणी मारत असेल, तर डॉक्टरांना तेही सांगा.

परवा निपाणीत एका कोवळ्या बाळंतिणीकडं गेले होते. मी हात पुढं केला तशी ती अंग चोरून भिंतीला टेकली. मी हात मागं घेतले. शिकवायला नेलेली कापडी छाती पिशवीतून काढून दूध काढायला त्या कापडावर हळू दाब कसा द्यायचा ते दाखवलं. मग विचारलं, "हात लावू का?"

तिनं दाराकडं पाहिलं. तिचा नवरा तिथंच उभा होता.

"आक्का," ती मला हळूच म्हणाली, "आधी दार लावा."

मी उठले, त्याच्या तोंडावर दार लावलं आणि कडी घातली.