सुनेच्या ओकाऱ्यांची मी भरलेली प्रश्नावली

"यांना हायपरएमेसिस ग्रॅव्हिडेरम आहे," ऑकलंडच्या हॉस्पिटलमधल्या तरुण डॉक्टर म्हणाल्या. गरोदरपणातल्या ओकाऱ्या इतक्या वाढतात की पोटात पाणीही ठरत नाही आणि शरीर सुकू लागतं, त्याचं हे नाव. लघवीत किटोन्स सापडले होते, म्हणजे अन्न नसल्यामुळे शरीर स्वतःचीच चरबी जाळत होतं. "हे एका दिवसात झालेलं नाही. घरी कोण होतं?"

घरी मी होतो.

सून केतकी नऊ आठवड्यांची गरोदर होती. हाताला सलाईन लावून ती डोळे मिटून पडली होती. माझा मुलगा निखिल माझ्याकडे बघत होता. मी भिंतीकडे बघत होतो.

ओळखीतले लोक म्हणतात, सासऱ्यांनी सुनेचं आजारपण काढलं, वर त्या आजाराची प्रश्नावली मराठीत आणली. इथल्या मराठी मंडळाने मला शालही दिली. हे सगळं खोटं आहे आणि मी ते पसरू दिलं. तुमच्या घरात कुणी गरोदर असेल आणि तुम्ही माझ्यासारखे म्हातारे असाल, तर हे तुमच्यासाठी आहे. आवडलं नाही तरी वाचा.

मी आयुष्यभर मुंबईत सरकारी परिपत्रकांचे अनुवाद केले. निवृत्तीनंतर न्यूझीलंडला, ऑकलंडच्या माउंट रॉस्किल भागात मुलाकडे आलो. ओकाऱ्यांमुळे बाईचं रोजचं जगणं किती बिघडतं हे मोजणारी एक प्रश्नावली हेलन नावाची संशोधक नर्स मराठीत करून घेत होती. गेल्या आठवड्यात किती थकलात, किती रडलात, घरच्यांवर किती अवलंबून राहिलात, असे तीसेक प्रश्न. उत्तरं 'कधीच नाही' पासून 'सतत' पर्यंत. अनुवाद मी केला. तो काही गरोदर बायकांवर तपासायचा होता. हेलनने स्पष्ट सांगितलं होतं, "विचारणारी बाई हवी, आणि घरातली व्यक्ती नको."

मी म्हणालो, "आमच्याकडे असला आडपडदा नसतो."

आडपडदा असतोच. सासऱ्यासमोर सून ओकारीचं गाऱ्हाणं गात नाही. हे मला चांगलं ठाऊक होतं.

निखिल तेव्हा कामासाठी दूर पोरिरुआ शहरात असायचा, शुक्रवारी यायचा. घरात आम्ही दोघंच. कोपऱ्यावरच्या डेअरीतून, म्हणजे इथल्या किराणा दुकानातून, आणलेली लेमोनेडची बर्फाची कांडी, एवढंच तिच्या पोटात टिकत होतं. बाकी सगळं बाहेर.

"बाबा, प्लीज, कुकर लावू नका ना. वास सहन होत नाही."

"अगं, भातच तर आहे. भाताला कसला आलाय वास?"

"मग तुम्हीच बसा इथे बादली घेऊन."

मी कुकर लावला. वर ऐकवलं की तुझ्या सासूबाई दोन्ही गरोदरपणांत ओकत ओकत सगळा स्वयंपाक करायच्या. बायको हयात असती तर तिने मला काय सुनावलं असतं, हे तेव्हा मनात आलं नाही.

बुधवारी मी कागद घेऊन तिच्या पलंगाशी बसलो. पहिल्या दोन-तीन प्रश्नांना ती "चालतंय, बाबा" म्हणाली. मग बोललीच नाही, कुशीवर वळली. आमच्या कार्यालयात कोरा रकाना असलेला कागद पुढे जात नसे. मी उरलेले रकाने भरून टाकले. 'क्वचित', 'क्वचित', 'कधीच नाही'. कागद पूर्ण करून हेलनकडे पाठवल्याचं समाधानही वाटलं.

गुरुवारी मिडवाइफ अरोहाचा फोन आला. इथे बाळंतपणाची देखरेख मिडवाइफ करते, डॉक्टर नंतर. केतकी बाथरूममध्ये होती. मीच बोललो. "कालच तिची प्रश्नावली भरली. त्रास सौम्य आहे." अरोहा म्हणाली, मग सोमवारी येते, लागलं तर आधी फोन करा. मी केला नाही. शुक्रवारी निखिल आला तेव्हा केतकी बाथरूमच्या फरशीवर पडलेली होती.

चार दिवस सलाईन, शिरेतून थायमिन म्हणजे बी-वन जीवनसत्त्व, ओकारी थांबवायला ऑनडान्सेट्रॉन. मग आणखी दोनदा भरती. सहाव्या महिन्यापर्यंत ओकाऱ्या थांबल्या नाहीत. मुलगी सुखरूप झाली, ती डॉक्टरांमुळे.

वेळेवर आली नाही म्हणून निखिलने अरोहाविरुद्ध लेखी तक्रार केली. तिने उत्तर दिलं की सासऱ्यांनी त्रास सौम्य असल्याचं सांगितलं होतं. निखिलने मला विचारलं. मी म्हणालो, "मी असं काही बोललो नाही." एका कष्टाळू बाईला मी खोटं पाडलं आणि त्याच महिन्यात शाल पांघरून फोटो काढला.

मुलगी पाच महिन्यांची असताना केतकी हेलनला भेटली. हेलनने तिला तिचा जुना कागद दाखवला. संध्याकाळी तो तिने माझ्या ताटाशेजारी ठेवला.

"हे अक्षर कुणाचं?"

"माझं."

"अरोहाला फोनवर हेच सांगितलंत?"

"हो."

"मी रोज तिला शिव्या घालत होते, बाबा. तुम्ही इथेच बसून वरण ओरपत होतात."

मी माफी मागायला लागलो. "माझी नको," ती म्हणाली. "आधी लिहून द्या."

मी हॉस्पिटलला लिहून दिलं, अरोहाला वेगळं पत्र लिहिलं. निखिलने तक्रार मागे घेतली. अरोहाने दोन ओळींचं उत्तर पाठवलं, सुरुवातीला माओरी नमस्कार: 'किया ओरा. पत्र माझ्या फाइलला लावलं आहे. तुम्हाला भेटायची माझी इच्छा नाही.' तिचं बरोबर आहे. तिचे उपकार मानायचा हक्कही मी गमावला, तरी मानतो.

हेलनने माझा कागद रद्द करून तपासणी नव्याने ठेवली. विचारणारी केतकी. जवळच्याच सँडरिंगहॅम भागातल्या एका हॉलमध्ये सहा गरोदर बायका जमल्या. गाडी मी चालवली.

"तुम्ही आत यायचं नाही," केतकी म्हणाली. बाळही माझ्याकडे न देता आत घेऊन गेली.

मी दोन तास गाडीत बसलो. आतून कुणाच्या तरी रडण्याचा आवाज आला, नंतर सगळ्या मिळून हसल्याचा. माझ्यासमोर यांतली एकही रडली नसती, हसलीही नसती. म्हातारबुवा, घरातल्या बाईला काय होतंय हे तिला विचारा, नाहीतर विचारायला दुसरी बाई आणा. आणि तुम्ही खोलीबाहेर जा.

केतकी बाहेर आली, बाळाला सीटमध्ये बांधलं, पुढे बसली.

"तुमची चौदा वाक्यं बदलली. त्या म्हणाल्या, असं कुणी बोलत नाही."

"आणि बाकीची?"

"ठेवली."

एवढ्यासाठीही मी तिचे आभार मानले. ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "चला आता, तिची दुधाची वेळ झाली."