सुजलेल्या तोंडाची जाहिरात

"हे गाल बघा!" म्हणत मॅडमनी माझी हनुवटी धरली आन तोंड लोकांकडं वळवलं. लासूरच्या बाजारात बैलाचा जबडा धरून दाखवत्यात, तसं. सिडकोतल्या मंगल कार्यालयाचा हॉल. समोर खुर्च्या भरलेल्या. मी स्टेजवर, मॅडमच्याच जुन्या साडीत.

"चार महिन्यांपूर्वी ही काडी होती, काडी! आमच्या पावडरनं बघा कसं अंग धरलंय. संधिवात गायब!"

टाळ्या पडल्या. पण ते अंग नव्हतंच. सूज होती, स्टिरॉइडच्या गोळीनं आलेली. आन ते मॅडमना ठाऊक होतं.

मी मॅडमच्या घरी सहा वर्षं धुणीभांडी केली. त्यातली तीन वर्षं संधिवात घेऊन. म्हातारपणाची गुडघेदुखी नव्हं ही. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं, "अंगातली जी शक्ती रोगाशी लढते, तीच तुमच्या सांध्यांवर उलटलीय." सकाळी बोटं मिटायची नाहीत. एक गोळी आठवड्यातून एकदाच, सोमवारी. ती घेतली की मंगळवार मळमळीत जायचा. खरकट्या भांड्यांसमोर ओकारी दाबत उभी राहायची मी. केस मूठमूठ निघायचे. दुसरी गोळी स्टिरॉइडची, रोज जेवल्यावर.

मॅडम म्हणल्या, "या गोळ्यांनीच मरशील तू. बंद कर. आमचं सगळं नॅचरल आहे."

त्या घरात माझा कप वेगळा, बेसिनखाली ठेवलेला. त्यात मॅडम पावडर कालवायच्या आन समोर उभं राहून प्यायला लावायच्या. नाय म्हणायची माझी छाती नव्हती. आन खरं सांगते, मलाबी वाटलं, शिकलेलं माणूस खोटं कशाला सांगंल? दोन्ही गोळ्या सोडल्या. एका दमात. तो माझा येडेपणा, लपवत नाय.

आठव्या दिवशी नळावर चक्कर येऊन पडले. उलट्या. पाय उचलंना. शेजारच्या आपांनी रिक्षात घातलं. रस्ताभर ओरडत होत्या, "मरना है क्या गे तेरेकू? किसके बोलने पे गोलियां छोडी?"

डॉक्टरीणबाई लई चिडल्या. "स्टिरॉइड अशी एकदम सोडतात का? जीव जातो. कमी करायची तर आम्ही सांगू तशी, हळूहळू." रक्त तपासलं तर लिव्हरचा आकडा वाढलेला. मग मॅडमनी घरी प्यायला दिलेला पावडरचा डबा आणायला लावला. उलटासुलटा करून वाचला. "यात काय काय आहे ते पूर्ण लिहिलेलंच नाही. आणि वर लिहिलंय, शक्ती वाढवते. ती वाढवायची कसली? तुमची शक्ती तुमच्यावरच उलटलीय ना?" पावडर बंद. स्टिरॉइडची गोळी पुन्हा सुरू, आधीपेक्षा जास्त. सोमवारची गोळी लिव्हर निवळल्यावर. महिन्याभरात तोंड भाकरीवाणी गोल झालं.

मॅडमना समदं सांगितलं. रिपोर्ट पुढं धरला. त्यांनी रिपोर्ट हातातबी घेतला नाय. माझ्या तोंडाकडं बघत राहिल्या. "अगं, किती छान भरलीस! रविवारी मीटिंगला ये. दवाखान्याचं काही बोलू नकोस हं."

मी गेले. काम जाईल या भीतीनं गेले.

तर त्या स्टेजवर मॅडमनी माईक माझ्या तोंडाशी आणला. "सांग, बरी झाले म्हण."

म्हणलेबी असते. देवाशप्पथ म्हणले असते. पण तेवढ्यात खालून एक बाई उठली. पिशोरहून आलेली. शेजारी तिची लेक, कॉलेजातली असंल. तिची बोटं माझ्यावाणीच वाकडी. बाईनं विचारलं, "मग हिच्या दवाखान्याच्या गोळ्या बंद केल्या तर चालतंय का?"

"बिनधास्त बंद करा," मॅडम म्हणल्या.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माईक हिसकून घेतला.

"मावशी, गोळ्या बंद करू नका! मी केल्या आन मरता मरता वाचले. हे अंग नाय, सूज हाय. पावडर पिऊन लिव्हर बिघडलं माझं. ह्या बाईला समदं माहीत हाय!"

कुणीतरी माईक बंद केला. तरी मी ओरडतच होते. मॅडमच्या नवऱ्यानं दंड धरून मला खाली ओढलं. "खाल्ल्या मिठाला तरी जाग."

"मीठ नाय खाल्लं तुमचं," मी म्हणले. "पावडर खाल्ली."

काम गेलं. त्याच गल्लीतल्या आणखी दोन घरांनी काढून टाकलं. तोंडाळ हाये म्हणे. असंल. दुखणं हाय तिथंच हाय. मंगळवारची मळमळ सुटत नाय. आरशात बघू वाटत नाय. पण आता कुणी काढा आणू दे, पावडर आणू दे, डबा आधी डॉक्टरीणबाईंसमोर जातो, मगच माझ्या तोंडात.

परवा आपांच्या मोबाईलवर त्या पावडरची जाहिरात आली. तिच्यात माझे दोन फोटो. एकाखाली 'आधी', एकाखाली 'नंतर'. तडक मॅडमच्या दारात गेले. फोटो काढून टाका म्हणले.

दार अर्धंच उघडून ती म्हणली, "फोटो आम्ही काढलाय. आमचा आहे तो."

तोंड माझं हाय. जाहिरातीखाली लिवलंय, पुढची मीटिंग रविवारी, गंगापूरला. मी चाललेय. सकाळच्या एसटीनं, दवाखान्याची फाईल घेऊन. पहिल्या खुर्चीवर बसणार. हाकललं तर दारात उभी राहीन. आत जाणाऱ्या एकेका बाईला थांबवून हे तोंड दाखवीन, आन ते कशानं सुजलंय ते सांगीन.