लाल रेषा आणि कोपऱ्यातली खोली

हिंजवडीजवळच्या माणमधल्या आमच्या घराच्या सगळ्या खोल्या भाड्यानं दिलेल्या असायच्या, एक सोडून. जिन्याखालची, कोपऱ्यातली, आतच संडास असलेली. आयटीतली पोरं खोली बघायला आली की पहिला प्रश्न, "टॉयलेट अटॅच आहे का?" आणि माझा नवरा त्या बंद दाराकडे न बघता सांगायचा, "तितं भाताची पोती हायेत."

पोती कसली! ती खोली माझी होती. माझ्या मोठ्या आतड्याला वर्षानुवर्षं सूज. रक्त पडायचं, आणि कळ आली की हातातलं टाकून धावत सुटायचं. लग्नाला गेले तरी नवरानवरी बघायच्या आधी मी संडास कुठे आहे ते बघून ठेवायची. नवऱ्यानं त्या खोलीवरून कधी चकार शब्द काढला नाही. तसा तो एरवी शब्द काढायला कमी करत नाही.

मागच्या दुर्बिणीच्या तपासणीला डॉक्टरबाईंनी मला आतले फोटो दाखवले होते. "निरोगी आतड्याच्या अस्तरातून रक्तवाहिन्यांची नाजूक जाळी दिसते. तुमची जाळी सुजेखाली बुडालीय. इतकी वर्षं सूज राहिली की नव्या वाहिन्याही फुटतात, पण त्या कच्च्या, वेड्यावाकड्या. जरा धक्का लागला की रक्त." मग नवी इंजेक्शनं सुरू केली. त्यांनीही गुण आला नाही तर मोठं आतडं काढायचं आणि पोटावर पिशवी लावायची, हेही त्यांनी सांगून टाकलं. त्या पिशवीनं माझी झोप उडवली.

इंजेक्शनांनी रक्त थांबलं. मी खूश, पण बाई म्हणाल्या, नुसतं बरं वाटून चालणार नाही, आत बघायलाच हवं.

तपासणीच्या सकाळी मी उपाशीपोटी गाडीत जाऊन बसले तरी नवऱ्याचा पत्ता नाही. "अहो, काय करताय आत?" म्हणून ओरडले तेव्हा हात झटकत आला. मी त्याला हिंजवडीच्या सिग्नलपर्यंत बोलत होते.

झोपेचं इंजेक्शन मी घेतलं नाही. माझं आतडं, मलाच बघायचं होतं! कुशीवर पडून पडद्याकडे डोळे लावले. दुखत होतं, पण दुखण्याकडे लक्ष कुणाचं? आधी नुसता गुलाबी ओला बोगदा. मग दुर्बीण वळली आणि अळूचं पान उन्हात धरल्यावर शिरा दिसाव्यात तशा बारीक लाल रेषा दिसल्या. एकीतून दुसरी फुटलेली, थेट पुढपर्यंत!

"बाई, त्याच ना त्या? त्याच ना?"

"हलू नका हो!" नर्स ओरडली.

"त्याच," बाई हसत म्हणाल्या. "एका कोपऱ्यात अजून वेड्यावाकड्या आहेत थोड्या, त्यांच्यावर लक्ष ठेवू. औषध चालू ठेवायचं. ऑपरेशन मात्र डोक्यातून काढून टाका."

त्या टेबलावर मला नाचावंसं वाटत होतं. कपडे घालून बाहेर आले ती नवऱ्याला रेषांच्या फांद्या हवेत काढून दाखवतच. तो म्हणाला, "मला ठावंच व्हतं."

"ठावं व्हतं तर एवढा घाम कशाचा?" मी म्हटलं. त्यानं रुमालानं तोंड पुसलं आणि गाडी आणायला गेला.

घरी पोचलो. सासूबाई ओट्यावर मोबाईल मांडीत घेऊन बसल्या होत्या. मला हसताना बघून त्यांनी तो बाजूला ठेवला आणि डोळ्यांना पदर लावला. त्यांच्यामागे, माझ्या खोलीच्या दारावर, नवऱ्याच्या अक्षरातली पुठ्ठ्याची पाटी होती. खोली भाड्याने देणे आहे. संडास आत.

"ही कवा लावली?"

"सकाळीच. तू गाडीत बसली हुतीस तवा."

"आन् तपासणी वाईट निघाली असती तर?"

"मी बी त्येच इचारलं. म्हनला, वाईट निघालं तर फोन करतो, ती यायच्या आत पाटी काढून चुलीत घाल." सासूबाईंनी मोबाईलकडे बोट केलं. "सकाळधरनं हितंच बसलीया. वाजला न्हाई मेला, लई बरं झालं."

नवरा गाडी लावायच्या निमित्तानं बाहेरच घुटमळत होता. घाईत लावलेली पाटी वाकडी झाली होती. मी ती सरळ केली.