शेवडे मॅडम आणि पांढरा कांदा

"म्हणजे?" हा शेवडे मॅडमचा आवडता शब्द. पहिल्या भेटीत मी म्हणाले, "मॅडम, मला पिकांच्या रोगांवर काम करायची आवड आहे." मान वर न करता त्यांनी विचारलं, "आवड म्हणजे?" मी चाचरले. तशा त्या उठून जवळ आल्या आणि नाक मुरडून म्हणाल्या, "उद्यापासून अत्तर नको. कांदा सडायला लागला की आधी वासावरून कळतं. तुला काय कळणार?" मी उरणची, ट्रकवाल्यांच्या घरातली, शिव्या ऐकत वाढलेली. पण एकही शिवी न देता इतका अपमान माझा कुणी केला नव्हता.

अलिबागजवळच्या त्या प्रयोगशाळेत आम्ही पांढऱ्या कांद्याच्या सडीवर काम करत होतो. सडीचे जिवाणू कांद्यात शिरले तरी लगेच हल्ला करत नाहीत. प्रत्येक जण थोडं थोडं रसायन सोडत राहतो. ते दाट झालं की सगळ्यांना कळतं, आपण पुरेसे जमलो. मग कांद्याचं पाणी होतं. मातीतले दुसरे काही जिवाणू हे रसायनच खातात. निरोप पोचत नाही, कांदा वाचतो. मॅडमनी हे एकदाच सांगितलं. मी पुन्हा विचारलं, तर म्हणाल्या, "जिवाणूसुद्धा पुरेसे जमल्याशिवाय तोंड उघडत नाहीत. तू तर एकटीच आहेस."

असे राखणदार जिवाणू मला सापडले. काचेच्या बशीत त्यांनी सड थोपवली. प्रयोगशाळेचे संचालक खूश झाले, एक कंपनी ते बाटलीत भरून विकायला तयार झाली, शेतकऱ्यांचा मेळावाही ठरला. मॅडमनी मात्र माझं कौतुक केलं नाही. "शेतात बघू," एवढंच.

नामदेव पाटील या शेतकऱ्यांनी चाचणीसाठी आपले वाफे दिले. कांदा निघाला, त्याच्या माळा त्यांच्या पडवीत टांगल्या. मेळाव्याच्या आधी आम्ही बघायला गेलो, तर अंगणातच वास आला. आमच्या वाफ्यातल्या माळा इतरांसारख्याच गळत होत्या.

"आज हे बोलायची गरज नाही," संचालकांनी मेळाव्यात हळूच बजावलं. मॅडमनी माइक माझ्या हातात कोंबला. "काय झालं ते सांग." माझा अख्खा प्रबंध त्या कांद्यांवर उभा होता. मी रडवेल्या आवाजात सांगितलं. मग त्या म्हणाल्या, "बशीत आमच्या जिवाणूंना स्पर्धा नव्हती. मातीच्या गर्दीत ते टिकले नाहीत. बाटली घेऊ नका."

नामदेवदादा ताडकन उठले. "आमचा कांदा सडवून शिकायचा व्हता काय तुमाला?"

"सडू शकेल, हे आधीच सांगितलं होतं. तुम्ही मान हलवलीत."

माफीचा शब्द नाही. प्रकल्प बंद झाला, मॅडमची प्रयोगशाळा काढून घेतली. त्या खोकी बांधत होत्या तेव्हा मी दारात उभी राहून ओरडले, "माझं काय?"

"नवा विषय घे."

"तुम्ही तर चाललात!"

"मग नवा गाईडही घे," त्या म्हणाल्या आणि दोरीला गाठ मारली.

मी दोन्ही घेतलं. पदवी मिळाल्याचं त्यांना कळवलं नाही. त्या श्रीवर्धनला एकट्या राहतात, हे उडत उडत कानावर आलं. भेटायला जावंसं वाटलं नाही.

गेल्या वर्षी नामदेवदादा कृषी खात्यातल्या माझ्या ऑफिसात आले. हातात नवीनच कुठल्या तरी कंपनीची बाटली. सड थांबवते म्हणे. मी लेबल वाचून म्हटलं, "चांगली वाटते, दादा."

"तुजा न्हाय इचारत ग बाय. ती खडूस काय बोलते, ता इचार."

नाइलाजाने मी फोन लावला, स्पीकरवर टाकला. नाव सांगितलं, बाटलीचं सांगितलं.

"शेतात वापरून बघितली?" तोच आवाज.

"नाही, पण कंपनीचा अहवाल..."

"मग मला कशाला विचारतेस? अजून तशीच आहेस." फोन बंद.

माझे कान तापले. नामदेवदादांनी बाटली माझ्याच टेबलावर ठेवली, पायात चपला सरकवल्या.

"न्हाय घ्यायची मंग," म्हणाले, आणि गेले.